तिकीट काढलंत, अभ्यास कुठे आहे?

जूनमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यानं बोटीनं उत्तरेला जायचं आणि नॉर्दर्न लाइट्स बघून यायचं, असा तुमचा बेत ठरला आहे. पैसे भरून झाले, कपड्यांची खरेदी चालू आहे आणि ‘बाई, कसा वाटतो कार्यक्रम?’ असं तुम्ही मला विचारता आहात. स्पष्ट सांगते, मला त्याचा राग आला आहे. तुम्ही माझ्या वर्गात बसून आर्क्टिक वृत्ताची व्याख्या म्हणून दाखवलेली माणसं आहात. साडेसहासष्ट अंशांच्या उत्तरेला २१ जूनला सूर्य मावळत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं होतं. सूर्य मावळत नाही म्हणजे अंधार पडत नाही. अंधारच नसेल तर आकाशातला तो मंद हिरवा उजेड दिसणार कसा? सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर ऑक्सिजनला धडकतात तेव्हा तो प्रकाश उमटतो. जूनमध्येही तो तिथे असू शकतो, पण उजळ आकाशात डोळ्यांना दिसत नाही. भरदुपारी चांदण्या दिसत नाहीत, त्याचंही कारण हेच.

ट्रॉम्सो शहरात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजाखाली जात नाही. ते प्रकाश बघायचे तर सप्टेंबर ते मार्च या काळात जायला हवं. तेव्हाही ढग आले की सगळं झाकलं जातं, आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर ढग वारंवार येतात. म्हणजे उत्तरेच्या या सहली दोन आहेत, एक उजेडाची आणि एक काळोखाची. दोन्ही एकाच तिकिटात मिळत नाहीत. उन्हाळ्यात मध्यरात्रीचा सूर्य, हिरवे डोंगर, धबधबे, पक्ष्यांच्या वसाहती. हिवाळ्यात बर्फ, निळसर दुपार आणि नशिबात असेल तर आकाशातले ते पडदे. कोणती सहल हवी हे आधी ठरवायचं आणि मग पैसे भरायचे. तुम्ही उलटं केलंत.

तुम्हाला माहिती नव्हती, याचा मला राग नाही. माहिती नसणं हा दोष नव्हे, विद्यार्थी असतोच त्यासाठी. पण माणशी काही लाख रुपये मोजताना तुम्हाला नकाशा उघडावासा वाटला नाही, याचा राग आहे. घराच्या फरशीसाठी तुम्ही दहा दुकानं पालथी घालता. पृथ्वीच्या माथ्याकडे निघताना मात्र एजंटनं दाखवलेले चार फोटो तुम्हाला पुरले.

आता नकाशा काढा. सत्तर अंशांच्याही वर हॅमरफेस्ट शोधा. मग स्वीडनच्या बाजूला, बाल्टिकच्या वरच्या टोकाला, लुलेओ शोधा. ते हॅमरफेस्टच्या बरंच दक्षिणेला आहे, तरीही हिवाळ्यात लुलेओचं बंदर गोठतं आणि हॅमरफेस्टचं गोठत नाही. का? गल्फ स्ट्रीमचं पुढे वाहत आलेलं उबदार पाणी, उत्तर अटलांटिक प्रवाह, नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून वर जातो म्हणून. हे एकदा समजलं की तुमच्या प्रवासातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो. इतक्या उत्तरेला माणसं का राहतात, मासेमारी का चालते, बोटी बारा महिने का धावतात आणि समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला अडून बर्गनला एवढा पाऊस का पाडते, सगळं त्यातच आहे. बर्गनला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही. किनारी बोट तिथूनच सुटते. पहिल्या दिवशी भिजलात तर हवामानाला दोष देऊ नका.

कपड्यांचं सांगते. ट्रॉम्सोत जुलैचं सरासरी तापमान बारा-तेरा अंश असतं, आणखी उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवर सहा-सात. आकडे ऐकून ‘महाबळेश्वरला असते तेवढीच थंडी’ म्हणू नका. बोट चालत असते, समोरून वारा असतो आणि हवेत ओल असते. डेकवर दहा मिनिटं उभं राहिलं की बोटं बधिर होतात. एकच जाडजूड जॅकेट भाड्यानं आणून भागत नाही. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, त्यावर उबेसाठी स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं कवच. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सूत ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. कान झाकणारी टोपी, हातमोजे आणि घट्ट पकड असणारे जलरोधक बूट घ्या. तिथल्या वाऱ्यात छत्री उलटते. हिवाळ्यात जाणार असाल तर बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, ते तिथल्या दुकानांत सहज मिळतात. आपल्या वयाच्या माणसांना बर्फाळ फुटपाथवर मोडलेलं खुब्याचं हाड फार महागात पडतं. उन्हाळ्यात डोळ्यांवर बांधायची पट्टी हवी. रात्री दोन वाजता केबिनमध्ये ऊन आलं की झोप लागत नाही आणि तिसऱ्या दिवशी माणूस चिडचिडा होतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं लिहायला बसले, तिच्याकडे येते. तुमच्यातल्या एकानं मागच्या क्रूझची हकीकत सांगताना मोठ्या आनंदानं सांगितलं, की सुरक्षेच्या कवायतीच्या वेळी आम्ही केबिनमध्येच बसलो, कुणाला कळलंही नाही. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी बोटीवर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार ती चोवीस तासांत घेतली तरी चालत होती. ती चूक लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घेणं बंधनकारक झालं. त्या नियमामागे ३२ जीव आहेत. ज्या अर्ध्या तासाचा तुम्हाला कंटाळा येतो, तो त्यांच्या मरणानं मिळालेला आहे.

‘ते इटलीत झालं’ असं म्हणू नका. २३ मार्च २०१९ ला वायकिंग स्काय ही क्रूझ ट्रॉम्सोहून दक्षिणेला येत होती. हुस्टाडविका या उथळ, खडकाळ, आडोसा नसलेल्या पट्ट्यात वादळ असताना तिची इंजिनं बंद पडली. वंगणतेलाची पातळी कमी होती आणि बोट जोरात हेलकावत होती, म्हणून इंजिनं थांबली, असं चौकशीत निघालं. बोटीवर १३७३ माणसं होती. बोट वाहत वाहत खडकांच्या अगदी जवळ आली होती. साडेचारशेहून अधिक प्रवाशांना एकेक करून हेलिकॉप्टरनं दोरानं उचलून नेलं. त्यांत वयस्कर माणसं पुष्कळ होती, तुमच्या-माझ्या वयाची. बाकीचे छत पडलेल्या, पाणी शिरलेल्या दालनांत लाइफजॅकेट घालून रात्रभर बसून राहिले. इंजिनं पुन्हा सुरू झाली म्हणून बोट वाचली.

आणि १९८९ चा जून. मॅक्सिम गोर्की ही सोव्हिएत क्रूझ स्वालबार्डजवळ तरंगत्या बर्फात शिरली आणि बर्फाला धडकून तिला भगदाड पडलं. साडेनऊशेच्या आसपास माणसं होती. प्रवासी जीवरक्षक नावांत आणि काही तर बर्फाच्या लाद्यांवर ताटकळत होते. नॉर्वेच्या तटरक्षक दलाची सेन्या नावाची बोट पोचली आणि सगळे वाचले. महिना जूनच होता, चोवीस तास उजेड होता. उजेड आहे म्हणून समुद्र सौम्य होत नाही. अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये, ओशन एक्सप्लोरर ही बोट पूर्व ग्रीनलंडच्या आल्पेफियॉर्डमध्ये गाळात रुतली तेव्हा तिच्यावर २०६ जण होते आणि ती मोकळी व्हायला तीन दिवस लागले. तिथे मदत म्हणजे शेजारच्या बंदरातून येणारी नाव नव्हे. मदतीला दिवस लागू शकतात.

म्हणून नीट ऐका. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. तो कानावर आला की सामान घ्यायला परत फिरायचं नाही. तुमची एकत्र जमण्याची जागा केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. केबिनपासून तिथपर्यंत एकदा पायी जाऊन या, जिन्यानं, लिफ्टनं नव्हे. लाइफजॅकेट कपाटात कुठे आहे ते हात लावून बघा, एकदा अंगात घालून बघा. रोजची औषधं, चष्मा आणि उबदार टोपी एका छोट्या पिशवीत उशाशी ठेवा. आणि कठड्यावर चढून फोटो काढायचे नाहीत. त्या पाण्याचं तापमान उन्हाळ्यातही एक आकडी असू शकतं. त्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच मिनिटात हातचा जातो, पोहणं येत असलं तरी. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. निष्काळजीपणानं गेलेलं माणूस परत आणता येत नाही, म्हणून सांगते.

बोट लागण्याबद्दल सगळ्यांनी विचारलं आहे. फियॉर्डच्या आत पाणी संथ असतं. त्रास होतो तो उघड्या समुद्राच्या पट्ट्यांत: स्टाडचं टोक, हुस्टाडविका, बोडो आणि लोफोटेन बेटांच्या मधला वेस्टफियॉर्ड, आणि अगदी वर बॅरेंट्स समुद्राची कड. ज्याला घाटात गाडी लागते त्यानं खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची केबिन घ्यावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो, आणि भाडंही बहुधा कमी. गोळी उलटी सुरू झाल्यावर घ्यायची नसते, आधी घ्यायची असते. कोणती घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंब भरूही नका. फोनमध्ये डोकं खुपसण्याऐवजी डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत उभे राहा.

जेवणाखाणाबद्दल बोलते, कारण आपल्या मंडळींची सर्वांत जास्त तयारी त्याचीच असते. केबिनमध्ये विजेची किटली, इस्त्री, भात शिजवायचं भांडं, काही काही लावायचं नाही. बोटीवर आगीइतकं भयंकर दुसरं संकट नाही, म्हणून या वस्तू चढतानाच काढून घेतात. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ, मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून नॉर्वेत न्यायला बंदी आहे. चिवडा, लाह्या, कोरडी चटणी न्या, पण बोटीवरचं जेवणही जेवून बघा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते आरक्षणाच्या वेळी लेखी कळवायचं असतं. बोटीवर चढल्यावर स्वयंपाक्यावर आवाज चढवून ते मिळत नाही. आणि हात साबणानं धुवा, नुसतं जेल चोळून नव्हे. क्रूझवर पसरणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलला फारशी दाद देत नाही. एकानं न धुतलेल्या हातानं वाढपाचा चमचा धरला की अख्खा मजला आजारी पडतो.

नॉर्वेच्या किनारी बोटीवर जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की ती मुळात तुमच्यासाठी सुरू झालेली नाही. जुलै १८९३ मध्ये रिकार्ड वीथ यांनी व्हेस्टरोलेन ही बोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टला नेली, ती टपाल, माल आणि स्थानिक माणसं पोचवायला. आजही बर्गन ते किर्केनेस या मार्गावर ३४ बंदरं लागतात. काही ठिकाणी बोट मध्यरात्री पंधरा मिनिटं थांबते, माल उतरतो आणि निघते. ती कुणासाठी खोळंबत नाही. जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा लागतात, म्हणून जमत असेल तर जाऊन-येऊन पूर्ण फेरी करा, बारा दिवसांची. मोठ्या क्रूझचंही वेळेबाबत तेच. फक्त क्रूझ कंपनीनं नेलेल्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही स्वतः केलेली टॅक्सी उशिरा आली तर धक्क्यावर तुम्ही असता आणि बोट समुद्रात. सुटण्याच्या दिवशी विमानानं पोचण्याचा हिशेब करू नका, आदल्या दिवशी पोचा. फोन बोटीवर विमानाच्या मोडवर ठेवा, नाहीतर तो आपोआप बोटीच्या उपग्रहाच्या जाळ्याला जोडला जाऊन भलंमोठं बिल येतं.

गायरांगरला उतराल तेव्हा आवाज खाली ठेवा. बारमाही राहणारी दोन-अडीचशे माणसांची ती वस्ती आहे, आणि उन्हाळ्यात एकेका बोटीतून हजारो माणसं तिच्यात उतरतात. लोकांच्या अंगणात शिरू नका, खिडकीतून आत फोन धरू नका. आणि डोंगरांकडे बघताना त्यांच्याबद्दल थोडं वाचून आलेले असा. शेजारच्याच टाफियॉर्डमध्ये एप्रिल १९३४ मध्ये डोंगराचा कडा पाण्यात कोसळला, प्रचंड लाट उठली आणि ४० माणसं बुडाली. गायरांगरच्या वाटेवर ओकरनेस नावाच्या डोंगराला भेग आहे आणि तज्ज्ञ तिच्यावर सतत उपकरणांनी नजर ठेवून आहेत. ज्या निळ्या पाण्यासमोर तुम्ही फोटो काढणार, त्याच्या काठी राहणाऱ्यांच्या आयुष्यात ही काळजी रोजची आहे. गायरांगरफियॉर्ड आणि नेरॉयफियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहेत. तिथली हवा बोटींच्या धुरानं खराब होते म्हणून नॉर्वेनं २०२६ पासून दहा हजार टनांखालच्या प्रवासी बोटींना धूर न सोडण्याची अट घातली आहे, मोठ्या बोटींना २०३२ पर्यंत मुदत आहे. बोट निवडताना ती कोणत्या इंधनावर चालते हे विचारा. तुम्ही पैसे देता आहात, तुम्हाला विचारायचा हक्क आहे आणि तुमचं ते कर्तव्यही आहे.

नॉर्थ केपला उतरून ‘उत्तर ध्रुवावर पोचलो’ असं कुणाला कळवू नका. ते एकाहत्तर अंशांवर आहे, ध्रुव तिथून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब. त्याच मागेरॉया बेटावरचं क्निव्हशेलोड्डेन हे टोक नॉर्थ केपपेक्षाही थोडं उत्तरेला आहे. आपल्या बाळ गंगाधर टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मान्य करत नाहीत, मीही करत नाही. पण ध्रुवप्रदेशातली पहाट किती लांबते, सूर्य क्षितिजालगत कसा फिरतो, हे त्यांनी तिथे पाऊलही न ठेवता ग्रंथ वाचून नेमकं समजून घेतलं होतं. तुम्ही तर प्रत्यक्ष जाणार आहात. तुमच्याकडून मी निदान तेवढ्या अभ्यासाची अपेक्षा धरते.

तुमच्यापैकी जे आणखी वर, स्वालबार्डला जाणार आहेत, त्यांना माझं सर्वांत कडक सांगणं आहे. लाँगइयरब्येन वस्तीबाहेर अस्वलापासून संरक्षणाची सोय असल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. बंदूकधारी वाटाड्या थांब म्हणाला की थांबायचं, परत फिर म्हणाला की फिरायचं, वाद घालायचा नाही. २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून या महिन्यांत ५०० मीटर दूर राहण्याचा कायदा आहे. अस्वल जवळून दाखवा म्हणून नाखवाच्या मागे लागणारा प्रवासी त्या जनावराच्या आणि सगळ्यांच्या जिवावर उठलेला असतो. संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांच्या बोटी जात नाहीत आणि ठरवून दिलेल्या जागीच उतरता येतं. १९४६ पूर्वीची माणसाची कुठलीही खूण, मग ती गंजलेला खिळा असो की मोडकी फळी, कायद्यानं संरक्षित आहे. आठवण म्हणून काहीही उचलायचं नाही. रबरी नावेत चढताना खलाशाचा पंजा नव्हे, मनगटावरचा हात धरायचा, त्यानं तुमचा धरायचा, आणि दुसरा हात मोकळा ठेवायचा. फोन खिशात. लाँगइयरब्येनच्या संग्रहालयात आणि बऱ्याच हॉटेलांत बूट दारात काढतात, ते आपल्याला सांगावं लागू नये. स्वालबार्डमधल्याच न्यू ओलेसुंडला २००८ पासून आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे आणि ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे. तुमच्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं? न्यू ओलेसुंडला बोट थांबली तर संशोधकांच्या उपकरणांना हात लावू नका आणि सांगतील ती वायरलेस यंत्रं बंद ठेवा.

आजारी पडण्याचा विचार आजच करा. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला विमानानं ट्रॉम्सोला न्यावं लागतं. शेंगेन व्हिसासाठी निदान ३० हजार युरोचा विमा लागतो म्हणून तुम्ही सर्वांत स्वस्त विमा काढून मोकळे झाला असाल. त्या विम्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च येतो का, क्रूझ येते का, जुना मधुमेह आणि हृदयविकार येतो का, हे त्या कागदात वाचा. एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, लेखी मागा.

आणि व्हिसा. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. ओस्लोहून तिकडे निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत ओस्लोला उतरणं म्हणजे दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. ग्रीनलंड आणि फॅरो बेटांसाठीही साधा शेंगेन व्हिसा पुरत नाही, त्यांचा वेगळा उल्लेख व्हिसावर लागतो. इंग्लंडमधून सुटणारी बोट घेतली असेल तर ब्रिटनचा व्हिसा निराळा. पासपोर्ट कपाटात नीट ठेवला आहे, एवढ्यानं भागत नाही. तो बाहेर काढा, प्रवेशांच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते स्वतः वाचा, आणि तिथे एकचा आकडा असेल तर उद्या सकाळी व्हिसा केंद्र उघडताच तिथे हजर राहा.